पौषातला पाळणा

नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत आमच्या आकाशपाळण्याच्या तिकीटखिडकीशेजारी दोन बांबू रोवून एक जाड दोरी ताणलेली असायची. पाळण्यात बसणाऱ्यानं अंगावरची शाल, मफलर, उपरणं, टॉवेल, जे काही सैल लोंबत असेल ते त्या दोरीवर टाकायचं आणि मगच फाटकातून आत यायचं, हा पाळणा चालवणाऱ्या उस्तादांचा नियम. पौष पौर्णिमेच्या रात्री त्या दोरीवर इतकी पांघरुणं व्हायची, की ती मध्ये वाकून गुडघ्यापर्यंत यायची. जवळ गेलं की घोंगड्याचा, शेकोटीच्या धुराचा आणि भंडाऱ्याचा मिळून एक वास यायचा. तो वास आला की मला आजही जनरेटरचा आवाज ऐकू येतो.

लोक चिडायचे. बोरी नदीवरून वारं सुटलेलं, मैलारपूरच्या मोकळ्या रानात अडवायला काही नाही, आणि आम्ही म्हणतोय शाल काढा. एक आजी तर चांगली पाच मिनिटं भांडली. "आरं लेकरा, खाली जाळाजवळ बसले तरी दात वाजायलेत. वर उघडी जाऊ का मी?" उस्ताद मूळचे उत्तर प्रदेशातले, पण तीसेक वर्षं या भागात फिरून त्यांची भाषा आमच्यासारखीच झालेली. ते म्हणाले, "आजी, शाल वाऱ्याचं ऐकती. तुमचं न्हाई ऐकत, माझं बी न्हाई." आणि अंगातला स्वेटर काढून त्यांनी आजीच्या हातात दिला. स्वेटर अंगाला धरून असतो, उडत नाही. आजीची फेरी संपेपर्यंत उस्ताद बनियनवर ब्रेकपाशी उभे होते.

या हट्टामागचं कारण मला पुढच्या वर्षी कळलं, पाळणा जोडताना. पाळण्याचा प्रत्येक डबा वरच्या एका आडव्या पिनेवर झुलत असतो. चाक फिरतं, डबा मात्र स्वतःच्या वजनानं सरळ लटकत राहतो. त्या पिनेपाशी कापडाचं टोक गुंतून आवळलं, तर डबा झुलायचा थांबतो आणि चाकाबरोबर कलू लागतो. उन्हाळ्यात लोकांच्या अंगावर सैल कापड कमी असतं. हिवाळ्यात प्रत्येक माणूस दोन-दोन पांघरुणं घेऊन येतो. थंडीत पाळणा चालवायचा तर पहिलं काम ही दोरी बांधायचं, मग बाकीचं.

माझ्या मामांचा जनरेटर भाड्यानं देण्याचा धंदा होता. यात्रेतल्या पाळणेवाल्यांना वीज पुरवायची, बदल्यात रोजचे ठरलेले पैसे. पुढं त्यांनी एका पाळण्यात भागीदारी घेतली आणि मी सलग नऊ हिवाळे त्या पाळण्याच्या तिकीटखिडकीत बसलो. त्यामुळं "थंडीच्या दिवसांत असले खेळ लावूच नयेत" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. नळदुर्गला यात्रेआधीच्या बैठकीत एका गुरुजींनी हाच मुद्दा काढला होता. लेकरं रात्री उघड्यावर फिरतात, वर गार वारं लागतं, चार दिवस शाळा बुडते. पाळणे मे महिन्यात लावा, सुट्टी असते. गुरुजींची काळजी खरी होती. मामा उठून एवढंच म्हणाले, "गुरुजी, मे महिन्यात हितं देव कुठं हाय?"

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. देवाची मूर्ती वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असते आणि मार्गशीर्षाच्या सुरुवातीला ती नळदुर्गला येते, ती पावणेदोन महिन्यांसाठी. देव नेताना-आणताना दोन गावांत लेखी करार होतो. म्हणजे नळदुर्गात देव राहतो तोच मुळी थंडीत. पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, गावोगावच्या काठ्या येतात, रात्री छबिना निघतो, शोभेचं दारूकाम होतं. याच दिवसांत तिकडं तुळजापुरात शाकंभरी नवरात्र चालू असतं. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, होम मैदानावर पाळण्यांची रांग. नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव मार्गशीर्षातलं. आमच्याकडं जत्रेचं वर्ष थंडीनं सुरू होतं.

बाहेरच्या देशांतली गोष्ट वेगळी आहे. कोपनहेगनचं टिवोली हे उद्यान १८४३ साली सुरू झालं, आणि नाताळच्या दिवसांत ते उघडं ठेवायची पद्धत पडली ती १९९४ पासून. दीडशे वर्षं त्यांना हिवाळा म्हणजे कुलूप. तिथं पाणी गोठतं, ग्रीस घट्ट होतं, रोलर कोस्टरची चाकं रुळावर नेहमीच्या वेगानं धावत नाहीत, म्हणून पारा ठरावीक अंशाखाली उतरला की काही कोस्टर चालवतच नाहीत. आमच्या बालाघाटाच्या पठारावर कडाक्याच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो. माणसाला कुडकुडायला तेवढं पुरतं, पण यंत्र थांबत नाही. मात्र यंत्राचीही स्वतःची थंडी असते, आणि तिकीट काढून वर बसणाऱ्याला ती दिसत नाही.

दुपारी तीनला उस्ताद पाळणा रिकामा फिरवायचे. वीस मिनिटं, एकही माणूस न बसवता. रात्रभराच्या गारठ्यात बेअरिंगमधलं ग्रीस आळून बसलेलं असतं. चाक सुरुवातीला जड फिरतं, मग हळूहळू मोकळं होतं. उस्ताद डोळे मिटून खांबाला कान लावायचे. कुठल्या डब्याची पिन कुरकुरते ते त्यांना आवाजावरून कळायचं. "सात नंबर," एवढंच म्हणायचे, आणि पोरगं ग्रीसचा डबा घेऊन वर चढायचं. मग पाने घेऊन चौघे जण एकेक नट आवळत जायचे. थंडीत लोखंड आकसतं, दुपारच्या उन्हात पसरतं. रात्री घट्ट वाटलेला नट दुसऱ्या दिवशी पाव फेरा फिरतो. हे काम मी नऊ वर्षांत एक दिवसही चुकलेलं पाहिलं नाही. पौर्णिमेच्या दिवशी दुपारपासूनच गर्दी लोटायची, लोक फाटक हलवायचे, ओरडायचे, तरी वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.

जनरेटरचं दुखणं आणखी वेगळं. मामांचं इंजिन जुनं, पहाटेच्या थंडीत ते लवकर धरायचं नाही. दोघे जण हँडल मारून मारून घामाघूम व्हायचे. मग तिसरा काठीच्या टोकाला चिंधीचा बोळा बांधून, डिझेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि हवा आत घ्यायच्या तोंडापाशी धरायचा. गरम हवा आत गेली की इंजिन दोनदा खोकायचं आणि सुरू व्हायचं. तो ठोका पडला की आजूबाजूच्या पालांतून माणसं बाहेर यायची, पहिला चहा इंजिनाच्या धुरापाशीच व्हायचा.

आणि दव. आठ वाजून गेले की दव पडायला लागतं. लोखंडी पायऱ्या ओल्या, डब्यातल्या बैठका ओल्या, पट्टा ओला. पट्टा ओला झाला की तो पुलीवर घसरतो, चाक मध्येच सुस्तावतं आणि वर बसलेल्यांना वाटतं बिघडलं. पट्ट्यावर राळेची पूड टाकावी लागायची. दोन पोरं हातात कोरडं बारदान घेऊन फक्त पायऱ्या आणि बैठका पुसत राहायची, प्रत्येक फेरीनंतर. नवीन लुगडं नेसून आलेल्या बाया बसण्याआधी हात फिरवून बघायच्या. हात ओला लागला की त्या बसत नसत, आणि त्यांचं बरोबर होतं.

थंडीत गर्दीही वेगळी वागते. संध्याकाळी सहाला लोक एकदम येतात, आठला लेकरं घेऊन निघून जातात, मग अकरानंतर छबिन्यासाठी जागणारी तरणी पोरं येतात. मधल्या वेळी पाळण्याला सोळा डब्यांसाठी पाच माणसं. पाचच माणसं एका बाजूला बसली तर चाक एकीकडं जड होतं, झटके देतं. म्हणून उस्तादांनी वाळूची पोती भरून ठेवलेली असायची. माणसं समोरासमोरच्या डब्यांत वाटून बसवायची, उरलेल्या ठिकाणी पोतं. एकदा एका लहान मुलीनं विचारलं, "त्यांचं बी तिकीट काढलंय का?" उस्तादांनी तिला गंभीरपणे सांगितलं, "व्हय, पर ते वरनं खाली बघत न्हाईत." ती पुढच्या फेरीला पोत्याच्या डब्याकडं बघून हात हलवत होती.

आता मातीची गोष्ट. थंडी की उन्हाळा, या वादात बाहेरच्या माणसाला मातीचं काही सुचत नाही, पण पाळणेवाल्याचा हंगाम मातीच ठरवते. आमच्या जिल्ह्यातली बरीचशी जत्रेची रानं काळ्या मातीची. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसून भेगाळते. साठ फुटी पाळण्याचं सगळं ओझं चार पायांवर येतं, पायाखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकलेले असतात. दिवाळीच्या आधी एका गावात आम्ही असाच पाळणा उभा केला होता. परतीचा पाऊस नुकताच थांबलेला, वरून जमीन कोरडी ठणठणीत. संध्याकाळी लेव्हल पाइपनं पाणी बघून घेतलं, बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पाय दोन बोटं खचलेला. खाली दोन बोटं म्हणजे साठ फुटांवर जवळजवळ वीतभर कल. तिकिटं विकून झाली होती, रांग लागली होती. उस्तादांनी खिडकीत येऊन मला सांगितलं, "पैशे वापस कर." मी मामांकडं पाहिलं. मामांनी मान हलवली. त्या दिवशी मी एकेका माणसाला दहाची नोट परत दिली, आणि पुढचे दोन दिवस पाळणा नुसता उभा राहिला.

पौषात तीच जमीन घट्ट झालेली असते. वरचा थर वाळलेला, खालच्या ओलीनं माती अजून एकमेकींना धरून. स्लीपर टाकला की हलत नाही. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेच्या वेळी भेगांत हाताचा पंजा जाईल अशी अवस्था, तेव्हा पायाखाली मुरूम भरून घ्यावा लागतो. म्हणून कुणी मला विचारलं, की पाळण्यासाठी सगळ्यात सुरक्षित महिना कुठला, तर मी डोळे झाकून पौष सांगेन. फक्त एक अट. पाळण्याच्या पायाजवळ चहाचा गाडा किंवा रसवंती लावू द्यायची नाही. दिवसभर कपबशा विसळलेलं पाणी तिथंच ओततात, आणि कोरड्या हंगामातही एक पाय ओल्या मातीत उभा राहतो. या एका कारणावरून उस्तादांची यात्रेतल्या निम्म्या चहावाल्यांशी भांडणं व्हायची, आणि रात्री त्याच चहावाल्यांकडं बसून ते चहा प्यायचे.

केबिनच्या पत्र्याला दोन कॅलेंडरं लटकवलेली असायची. एक कालनिर्णय, एक उर्दू. कालनिर्णय देवीच्या आणि खंडोबाच्या तिथ्यांसाठी, उर्दू उरुसांसाठी. धाराशिवच्या ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या उरुसाला पाळण्यांची मोठी दाटी असते. उरूस चंद्राच्या वर्षानं येतो, त्यामुळं दर साली दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०२३ साली तो फेब्रुवारीत होता. म्हणजे तो आता ऐन थंडीत शिरतोय आणि पुढं दिवाळीकडं जाईल. उस्ताद म्हणायचे, माझ्या उमेदीत हाच उरूस मी सगळ्या ऋतूंत बघितला. एकच जत्रा, एका वर्षी लोक उसाच्या रसाला झोंबतात, काही वर्षांनी त्याच जागी शेकोटीला.

खरी कसरत पौष पौर्णिमा आणि संक्रांत यांची. संक्रांत इंग्रजी तारखेला चिकटलेली, पौर्णिमा तिथीनं फिरणारी. २०२४ साली पौष पौर्णिमा २५ जानेवारीला आली; सोलापूरचा गड्डा उरकून नळदुर्ग गाठायला वेळ होता. २०२५ साली ती आली १३ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सोलापूरच्या यात्रेच्या ऐन गर्दीत. ज्यांच्याकडं एकच पाळणा, त्यांना दोन्हींतलं एक सोडावं लागतं. आमच्या वेळीही असा पेच एकदा आला होता. मामा दोन दिवस बोलले नाहीत कुणाशी. सोलापुरात धंदा जास्त हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेवटी म्हणाले, "गावच्या देवाला तोंड काय दाखवायचं?" आणि ट्रक नळदुर्गला वळवला. त्या वर्षी पैसे कमी सुटले, हे खरं. पण यात्रेत आमच्या गावची लेकरं होती, आणि मामा दोन रात्री त्यांना फुकट फिरवत होते.

एका ठिकाणी मात्र मी गुरुजींच्या बाजूचा आहे, आणि ते ठिकाण म्हणजे पाण्याचे खेळ. हिवाळा हा आपल्याकडं शाळांच्या सहलींचा काळ. एसटी निम्म्या भाड्यात मिळते, डिसेंबर-जानेवारीत रस्त्यावर सगळीकडं पिवळ्या टोप्यांची पोरं दिसतात. किल्ला, देऊळ आणि शेवटी एखादं वॉटर पार्क, असा बेत ठरलेला. मी एकदा भाच्याच्या शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. रात्रभर प्रवास करून बस सकाळी सव्वानऊला पार्कात पोचली. ऊन नीट चढलेलं नव्हतं. पोरं ओरडत पाण्यात गेली आणि दहा मिनिटांत एकेक बाहेर येऊन उभी राहिली, ओठ काळेनिळे, हात काखेत. सत्तर मुलांत कोरडे टॉवेल वीस-बावीस. बाई स्वतःची शाल दोघा-दोघांवर टाकत फिरत होत्या. पैसे भरले आहेत म्हणून पुन्हा पाण्यात जा, असं सांगणारेही होते. माझं म्हणणं सरळ आहे: थंडीत पाण्याचे खेळ ऊन चढल्यावर बाराला उघडावेत आणि चारला बंद करावेत. सकाळच्या वेळी मुलांना कोरड्या पाळण्यांत बसवावं. यात कुणाचं फार नुकसान नाही.

पण पाळणा हिवाळ्यात उघडा ठेवण्याची किंमत मोजतं कोण, ते मला एका लहानशा यात्रेत कळलं. जागेचं नाव सांगत नाही.

पाळण्यावर काम करणारी आठ पोरं होती. बिहारची तीन, बाकीची इकडची. झोपायची सोय म्हणजे पाळण्याचा लाकडी फलाट, नाहीतर ट्रकचा हौदा. त्या रात्री वारं फार होतं. दोन पोरांनी हौद्यावर चारी बाजूंनी ताडपत्री ओढून घट्ट बांधली, आणि भाकरी भाजून झाल्यावर उरलेली कोळशाची शेगडी आत घेतली. कोळसा लाल होता, धूर अजिबात नव्हता. धूर नाही म्हणजे भीती नाही, असं त्यांना वाटलं. आम्हालाही तेच वाटलं असतं.

पहाटे चारला मामांनी जनरेटर सुरू करायला त्यांना हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक, मग ताडपत्रीवर थाप. मामांनी खिशातला चाकू काढून दोरी कापली. आतून उबदार हवेचा एक झोत आला, त्याला कसलाही वास नव्हता. दोघेही कुशीवर वळलेले, एकाला उलटी झालेली. मामांनी आणि मी त्यांना पायांना धरून ओढत बाहेर काढलं. दवानं भिजलेल्या गवतावर टाकलं. उस्ताद एकाच्या गालावर मारत होते आणि त्याच्या आईचं नाव घेत होते. त्या नावानं हाक मारली की तो जागा होईल, असं त्यांना वाटत असावं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. नऊ वाजता एकानं डोळे उघडून विचारलं, "झूला चालू हुआ क्या?"

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून समजावलं. कोळसा बंद जागेत जळला की जो वायू सुटतो त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच जातो. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं म्हणून ते थांबले. दोघेही वाचले. एक पुढच्या वर्षी परत आला, दुसरा आला नाही.

पाळणा लावायचा तर किती कागद लागतात ते मी स्वतः फायलीत लावलेले आहेत. जागेचा परवाना, पोलिसांचं ना हरकत, यांत्रिकी तपासणीचा दाखला, विजेच्या जोडणीची तपासणी, आग विझवायची सोय. हे सगळं हवंच, एकही कागद कमी करू नये. पण मी हाताळलेल्या एकाही कागदावर पाळणा फिरवणारा माणूस रात्री कुठं झोपतो, याला रकाना नव्हता. बोल्ट किती जाडीचा ते विचारतात, पांघरूण किती जाडीचं ते कुणी विचारत नाही. थंडीत खेळ चालू असावेत की नाही, यावर बोलणाऱ्यांनी आधी तो रकाना घालून घ्यावा. मग मी त्यांच्याशी तासनतास बोलायला तयार आहे.

त्या वर्षीपासून मामांनी स्वतःचेच नियम केले. शेगडी पालाच्या बाहेर, उघड्यावर. प्रत्येकाला एक जाड रग, मालकाच्या पैशानं. आणि झोपायला खाली कडबा. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या हातभर जाड पसरायच्या, वर बारदान, वर रग. ज्यानं कधी कडब्यावर झोपून पाहिलं नाही त्याला ती ऊब सांगता येणार नाही. जमिनीचा गारठा वर येत नाही आणि अंगाची ऊब खाली जात नाही. वेळ अमावास्येला आम्ही शेतात कडब्याची कोपी करतो, ती काही उगाच नाही. जाग्या माणसाची पाळी दोन-दोन तासांची. यात्रा संपली की तोच कडबा गावातल्या कुणाच्या तरी गोठ्यात जायचा.

कोपी म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. भूम, वाशी, कळंबकडची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. गावची यात्रा थंडीत असेल तर त्या घरांतल्या लेकरांना ती दिसतच नाही. ती कुठल्यातरी कारखान्याच्या रानात, उसाच्या पाचटाच्या कोपीत असतात. हिवाळ्यातल्या जत्रेची ही एक बाजू मला कायम टोचत आली आहे. मामांकडं एक हातानं फिरवायचा चार डब्यांचा लाकडी लहान पाळणाही होता. दोन यात्रांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत आम्ही तो टेम्पोत घालून ऊसतोड्यांच्या तळावर न्यायचो. वीज नको, परवान्याची लांबण नाही. पोरं तिन्हीसांजेला आई-बापाबरोबर फडातून यायची, हातापायांवर पाचटाचे ओरखडे. पैसे कुणाकडं फारसे नसायचे. एका बाईनं तीन लेकरांच्या फेऱ्यांबद्दल दोन कांड्या ऊस दिला, आणि मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्या लेकरांना खरा मोठा पाळणा दिसायचा तो चैत्रात, कारखाने बंद झाल्यावर, येरमाळ्याला. म्हणून येरमाळ्याच्या उन्हातही आम्ही जायचो. धंद्याच्या हिशेबानं ते फार चांगलं ठिकाण नव्हतं, तरी जायचो.

करोनाच्या काळात हे सगळंच थांबलं. तुळजापूरचं देऊळ मार्च २०२० मध्ये बंद झालं ते नोव्हेंबरात उघडलं, पुढच्या वर्षी पुन्हा बंद. तोवर मी पाळणा सोडून दुसऱ्या कामाला लागलो होतो. २०२१ च्या जानेवारीत मी मामांकडं गेलो तेव्हा पाळण्याचे भाग त्यांच्या विहिरीजवळ लिंबाखाली रचून ठेवलेले होते, वर ताडपत्री. मामा रोज सकाळी उठून एकेका पिनेला ग्रीस लावत होते. फिरणार नाही हे माहीत असूनही. वर्षभर न फिरलेलं बेअरिंग गंजून जाम होतं, हे कारण त्यांनी सांगितलं. पण ते काम ते ज्या सावकाशीनं करत होते, त्यावरून मला वाटलं की कारण तेवढंच नव्हतं.

उस्ताद आता थकलेत. पाळणा त्यांचा पुतण्या चालवतो. मागं एका पौषात मी नळदुर्गला गेलो, दुपारचे दोन वाजलेले. ट्रक नुकताच आलेला, लोखंड अजून उतरायचं होतं. उस्ताद प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हात बसले होते, अंगात तपकिरी स्वेटर. पुतण्या लेव्हल पाइप घेऊन जागा बघत होता, दोन पोरं स्लीपर ओढत होती. मला बघून उस्तादांनी बसायला सांगितलं आणि माझ्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं पाहिलं. तिकडून एक बैलगाडी येत होती.

"कडबा आला," ते पुतण्याला ओरडून म्हणाले. "लोखंड मागनं उतरव. आधी ही गाडी खाली कर."